लिंबूपाणी, ताक आणि दातांचे इनॅमल

सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू पिळून पिण्याची सवय आपल्याकडे अनेक घरांत रुजली आहे, आणि जेवणानंतरचे ताक तर फार जुने. दोन्ही आंबट, दोन्हींत आम्ल आहे. तरीही दातांवर त्यांचा परिणाम अगदी वेगळा होतो. हा फरक नुसत्या सामूच्या (pH; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) आकड्यावरून कळत नाही, आणि आरोग्यविषयक सल्ल्यांत तो सहसा सांगितलाही जात नाही, याची मला खंत वाटते.

इनॅमल, म्हणजे दाताचे सर्वांत बाहेरचे कठीण आवरण, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. त्या खनिजाला आपण हायड्रॉक्सीॲपटाइट म्हणतो, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांचा स्फटिक. प्रत्यक्ष दातातला स्फटिक मात्र इतका शुद्ध नसतो. तो घडत असताना फॉस्फेटच्या काही जागा कार्बोनेट घेते, थोडे सोडियम आणि मॅग्नेशियमही आत शिरते. कार्बोनेटचे प्रमाण जेमतेम ३ ते ४ टक्के असले तरी त्यामुळे स्फटिकाची रचना ताणली जाते आणि तो अधिक सहज विरघळतो. म्हणूनच आम्लाचा संपर्क आला की कार्बोनेट आणि मॅग्नेशियम इतर घटकांच्या मानाने आधी निघून जातात.

आम्लातले हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) दाताभोवतीच्या द्रवातील फॉस्फेटला चिकटतात आणि हायड्रॉक्सिलशी मिळून पाणी तयार करतात. त्यामुळे स्फटिकाला टिकून राहण्यासाठी लागणारे आयन त्या द्रवात कमी पडतात, आणि ती तूट भरून निघेपर्यंत स्फटिक विरघळत राहतो. सामू ५.५ च्या खाली गेला की हे सुरू होते असे सर्वत्र लिहिलेले आढळते, परंतु तो आकडा लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेटचे नेहमीचे प्रमाण गृहीत धरून काढलेला आहे. दह्याचा सामू ४ ते ४.५ असतो, म्हणजे या मर्यादेच्या बराच खाली. पण दह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की इनॅमलमधून आणखी काही विरघळायला वावच उरत नाही. ताक फार पाणीदार केले नसेल, तर त्यालाही हेच लागू पडते. लिंबूपाण्यात हे दोन्ही घटक नगण्य असतात, शिवाय सायट्रिक आम्ल कॅल्शियमला स्वतःकडे बांधून घेते, आणि पाणी कोमट असल्याने विरघळण्याचा वेग वाढतो. त्यानंतर लगेच ब्रश केला तर मऊ झालेला पृष्ठभाग घासून निघतो. म्हणून आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि काही वेळ जाऊ द्यावा. असा झिजून गेलेला थर पुन्हा येत नाही, कारण इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नष्ट झालेल्या असतात.

दातांवरच्या किटणातील जिवाणू साखरेपासून जे आम्ल बनवतात, त्याचे काम निराळे. तिथे वरचा पातळ थर बराचसा शाबूत राहतो आणि खनिज त्याच्या खालून निघून जाते. दंतवैद्य दातावर हवेचा झोत मारतात तेव्हा ओल्या दातावर न दिसलेला खडूसारखा पांढरा डाग अचानक उमटतो, तो यामुळेच. खालच्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी जाऊन हवा भरते आणि प्रकाश अधिक विखुरला जातो.

हा डाग पडला तरी पृष्ठभाग फुटलेला नसेल तोवर दुरुस्ती शक्य असते. आम्ल ओसरले की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट अर्धवट विरघळलेल्या स्फटिकांवर पुन्हा बसते. पण बसणारे खनिज मूळचे नसते: त्यात कार्बोनेट कमी असते, आणि जवळ फ्लोराइड असल्यास ते हायड्रॉक्सिलची जागा घेते. फ्लोराइडयुक्त ॲपटाइट सामू ४.५ च्या आसपास येईपर्यंत तग धरते. त्यामुळे सौम्य आम्ल आणि लाळ यांच्या फेऱ्यांतून गेलेले इनॅमल नव्याने आलेल्या दातापेक्षा अधिक चिवट असते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली पक्की दाढ सर्वांत जपावी लागते ती यासाठी. तिचे इनॅमल कार्बोनेटने भरलेले, अजून न मुरलेले असते, आणि ती दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता येत असल्याने अनेक पालकांना ती आल्याचे कळतही नाही.