झाकून आणलेलं ताट

शेजारच्या काकूंनी दुपारी दोन धपाटे अन् दही झाकून आणलं. ‘माईला भूक लागलीय म्हणे.’ म्हणे! अर्ध्या तासापूर्वीच माय वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खाऊन उठली होती. अन् ओट्यावर बसून सांगितलं काय, तर सकाळधरनं मला कोणी तुकडा दिला नाही.

काकू पुढं काही बोलल्या नाहीत. नजर मात्र पार चुलीपर्यंत जाऊन आली.

माय खोटं बोलत नाही, हे मला कळतं. तिला स्मृतिभ्रंश आहे, डिमेन्शिया. या आजारात ताजं आधी पुसतं. भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, त्या १९४८ च्या पोलीस ॲक्शनमधली पळापळ तिला आठवते, आत्ताचं जेवण नाही. ‘आत्ताच जेवलीस की’ म्हटलं की भडकते, कारण तिच्या लेखी ते जेवण झालेलंच नसतं. म्हणून खरकटं ताट लगेच उचलायचं नाही, तिच्यासमोर राहू द्यायचं. तरी मागितलंच तर दोन घास द्यायचे. दोन मोठ्या जेवणांऐवजी तेवढंच पाच-सहा वेळा थोडंथोडं. भात पांढऱ्या ताटलीत वाढला तर तिला दिसतच नाही, लाल ताटलीतला दिसतो.

भूक सारखी सांगते, तहान सांगत नाही. खरा धोका तिथं आहे. परभणीच्या उन्हात पाणी कमी पडलं की लघवीला जंतुसंसर्ग होऊ शकतो, अन् एका रात्रीत बरळणं वाढतं. तेव्हा ‘आजारच बळावला’ म्हणून बसून राहायचं नाही, लघवी तपासून घ्यायची. एरवी ताक, सरबत, टरबुजाच्या फोडी समोर ठेवत राहायचं. विचारलं तर ती नकोच म्हणते.

एवढं सगळं येतं, तरी ती नजर काही जात नाही. दादा पुण्याहून फोनवर ‘काळजी घे’ म्हणतो, ते एक असो. पण गल्लीत काय चाललं असेल? पोटची लेक उपाशी ठेवते म्हणून? दारोदार जाऊन आजार समजावायचा, तर ‘म्हातारपणात चालायचंच’ एवढं ऐकून परत यायचं. त्यापेक्षा ओट्यावर फळाच लावावा: आज मायनं काय काय खाल्लं, किती वाजता.

धपाटे मात्र खुसखुशीत होते. काकूंना उद्या सांगते, मिरची कमी घाला, तिला ठसका लागतो. भरवताना ताठ बसवा, तोंडातला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका, नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. एवढं सांभाळणार असाल तर रोज आणा म्हणावं. नाव खराब झालंच आहे, एका वेळचा स्वयंपाक तरी वाचेल.