कुसळापासून खोबणीपर्यंत

नेत्ररुग्णालयातील शस्त्रक्रियांची नोंदवही चाळताना डोळा कोणत्या पद्धतीने काढला हे मी आधी पाहतो, कारण मूळ दुखण्याचा अर्धा उलगडा तिथेच होतो. पांढरे कवच व स्नायू जागेवर ठेवून फक्त आतला भाग काढला असेल, म्हणजे एव्हिसरेशन केले असेल, तर तो डोळा बहुधा जंतुसंसर्गाने गेलेला असतो. मागची नस कापून अख्खा नेत्रगोल काढला असेल आणि रुग्ण दोन-तीन वर्षांचा असेल, तर रेटिनोब्लास्टोमाची शंका प्रथम येते. हा कर्करोग साधारण 16,000 ते 18,000 जन्मांमागे एका बाळाला होतो आणि त्यात अनेकदा डोळा देऊन जीव वाचवावा लागतो.

2021 सालची पाने वेगळी काढावीत, असे माझे मत आहे. त्या वर्षी जूनअखेर देशात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे कोविडनंतरच्या ‘काळ्या बुरशी’चे, 40,000 हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि काहींची खोबणच रिकामी करावी लागली. ते वर्ष धरून काढलेली सरासरी फसवी ठरते.

एरवी आपल्या ग्रामीण भागातील प्रौढांच्या बाबतीत मला बुबुळावरचा अल्सर, म्हणजे तिथली चिघळलेली जखम, सर्वांत जास्त खटकतो. मदुराई जिल्ह्यातील 1990च्या दशकातील अभ्यासात त्याचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला 113 आढळले होते, जे अमेरिकेतील एका परगण्याच्या सुमारे दहापट होते. उसाचे पात किंवा गव्हाचे कुसळ लागते, ओरखडा उठतो, आणि त्यातून फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी आत शिरते. कोणी जिभेने कचरा काढून देते, कोणी दूध घालते. पन्नाशीच्या एका बाईंनी माझ्यासमोर पदराची गाठ सोडून औषधाची कुपी काढली. तिचे लेबल पुसट झाले होते, तरी ‘डेक्सामेथासोन’ एवढे वाचता येत होते. त्यातल्या स्टेरॉइडने लाली आणि ठणका कमी झाला, म्हणून त्या तीन आठवडे ऊसतोडीला जात राहिल्या, आणि बुरशीला मात्र मोकळे रान मिळाले. नटामायसिन हे बुरशीनाशक औषध दर तासाला घालण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती, बुबुळ फुटले होते.

हे टळू शकते, याचा पुरावा नेपाळमधील भक्तपूरने दिला आहे. तिथे गावातील आरोग्यसेवक ओरखडा उठलेल्या डोळ्यात तीन दिवस, दिवसातून तीनदा, क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे मलम घालत असत. ज्यांचे उपचार 18 तासांच्या आत सुरू झाले, त्यांच्यापैकी एकालाही अल्सर झाला नाही.

त्या बाईंना सहा आठवड्यांनी अ‍ॅक्रिलिकचा डोळा बसवला. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे, कारणाच्या रकान्यात, ‘संपूर्ण नेत्रगोलाचा संसर्ग’ असे लिहिले आहे. उसाचा, कुपीचा किंवा तीन आठवड्यांचा उल्लेख तिथे कुठेही नाही.