वकीलपत्र कोणाचे, हे आधी सांगा

राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, २०२२ च्या जूनअखेरीस, एकनाथ शिंदे यांनी शिवसेनेत बंड केल्यावर, महाराष्ट्रात घराघरांत पोहोचली, आणि त्याचे बरेचसे श्रेय त्या दिवसांत वृत्तवाहिन्यांवर सकाळ-संध्याकाळ बसलेल्या वकिलांना द्यावे लागेल. आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा प्रतोद नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा की विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे सभागृहातील त्याच्या आमदारांच्या गटाचा, या प्रश्नावर एरवी बाररूममध्येही कोणी वाद घालत नाही. पण त्या आठवड्यांत चहाच्या टपरीवर त्यावरून आवाज चढत होते. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, तीही मुख्यतः दिवाणी दाव्यांची, त्यामुळे घटनात्मक वादांशी माझा रोजचा संबंध बेताचाच. तरीही काळा कोट दिसला की लोक ‘साहेब, सरकारचे काय होणार’ असे विचारत, आणि आदल्या रात्री कोणत्या वाहिनीवर कोणते वकील काय म्हणाले, हेही ऐकवत. प्रसारमाध्यमांत कायद्यावर भाष्य करणाऱ्या वकिलांविषयी तेव्हापासून जे मनात साचत गेले, ते आज लिहून काढतो आहे.

प्रथम जे चांगले झाले ते सांगितले पाहिजे. शिवसेनेचे ५५ आमदार होते, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३७, आणि हा ३७ चा आकडा गाठला की बंडखोर सुरक्षित, अशी समजूत सुरुवातीला सर्वत्र पसरली होती. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचा कायदा आला, तेव्हा एक तृतीयांश आमदारांनी ‘फूट’ दाखवली तरी अपात्रता टळत असे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बंद केली आणि विलीनीकरणाचा अपवाद तेवढा शिल्लक राहिला, ज्यासाठी दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. म्हणजे ३७ आमदार जमवणे पुरेसे नाही, पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होण्याचा प्रश्नही त्याबरोबर येतो. हा फरक पुण्याच्या उल्हास बापट यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणि अनेक वकिलांनी न कंटाळता, पुन्हा पुन्हा, सोप्या मराठीत समजावून सांगितला. हे काम वृत्तनिवेदकाला जमले नसते आणि पक्षाच्या प्रवक्त्याने केले नसते.

गडबड झाली ती पुढच्या पायरीवर. विलीनीकरण झालेले नाही, म्हणून हे आमदार अपात्र ठरायला हवेत, हा कायद्याचा एक मुद्देसूद युक्तिवाद होता. त्यावरून ते अपात्र ठरतीलच, असे सांगणे म्हणजे भाकीत होते. कॅमेऱ्यासमोर या दोन वाक्यांमधले अंतर केव्हा संपले, ते बोलणाऱ्यांनाही कळले नसावे. अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांनी घ्यायचा असतो, आणि त्यांच्या निर्णयानंतरच न्यायालयीन पुनर्विलोकनाचे दार साधारणपणे उघडते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहान प्रकरणात सांगून ठेवले आहे. दहाव्या अनुसूचीत त्या निर्णयाला मुदत नाही. २०२० मध्ये मणिपूरच्या एका प्रकरणात न्यायालयाने तीन महिन्यांचा काळ साधारणपणे पुरेसा मानला, पण अनुसूचीचा मजकूर बदलला नाही. ज्याला निवाडा करायचा आहे, तो स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून येऊन बहुमताच्या बळावर त्या आसनावर बसलेला असतो, ही गोष्ट कायद्याच्या कलमात दिसत नाही, पण कोर्टात वावरणाऱ्या कोणत्याही वकिलाला ती सांगावी लागत नाही. ‘हे प्रकरण कोणासमोर आहे’ हा आम्ही अशिलाला पहिल्या भेटीत विचारतो तो प्रश्न. चर्चेच्या पडद्यावर तोच मागे पडला.

पुढचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे, तरी तारखा लक्षात घेण्याजोग्या आहेत. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला आणि अपात्रतेचा प्रश्न वाजवी मुदतीत निकाली काढण्यासाठी अध्यक्षांकडे सोपवला. काहीच हालत नाही असे दिसल्यावर ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने ३१ डिसेंबरची मुदत घातली, ती डिसेंबरमध्ये १० जानेवारीपर्यंत वाढवून दिली, आणि १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असल्याचे ठरवून दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र केले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी विधानसभा निवडून आली. ‘पंधरा दिवसांत सरकार कोसळेल’ या धर्तीची जी वाक्ये २०२२ मध्ये ठणकावून बोलली गेली होती, ती घेऊन त्या वक्त्यांना कोणी पुन्हा स्टुडिओत बसवले नाही. हवामान खात्याचा अंदाज चुकला तर लोक निदान हसतात तरी.

११ मेचा दिवस मात्र बारकाईने पाहावा असा होता. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड निष्कर्ष वाचत होते आणि पडद्याच्या खालच्या पट्टीवर दर मिनिटाला विजेता बदलत होता. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, हे वाक्य आले आणि पट्टी एका बाजूला झुकली. भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरली, ती आणखी झुकली. मग उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून राजीनामा दिल्याने त्यांना पुन्हा मुख्यमंत्रिपदावर बसवता येणार नाही, हे वाक्य आले आणि पट्टी उलटी फिरली. निकालपत्राची शंभरावर पाने कोणाच्याही हातात पडण्यापूर्वी चर्चेतल्या वकिलांना ‘मग जिंकले कोण, एका वाक्यात सांगा’ असे विचारले जात होते. त्यातल्या एका वकिलांनी निकाल वाचल्याशिवाय बोलणार नाही, असे शांतपणे सांगितले. निवेदकाने ‘बरं, आपण पुन्हा येऊ तुमच्याकडे’ म्हणून पुढच्या चौकटीकडे मोर्चा वळवला आणि मी पाहत होतो तोवर ते पुन्हा त्यांच्याकडे आले नाहीत. त्या दिवशी मी ऐकलेले सर्वांत नेमके कायदेशीर भाष्य तेच होते, असे माझे मत आहे.

न्यायाधीशांनी सुनावणीत काय विचारले, यावरून निकाल वर्तवण्याची सवयही याच काळात बळावली. घटनापीठांसमोरील सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी शिवसेनेचे प्रकरण त्यात होते, त्यामुळे मराठी प्रेक्षकाने सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज पहिल्यांदा पाहिले ते याच वादात. हे उत्तमच झाले. पण न्यायाधीशांचा प्रश्न म्हणजे त्यांचे मत नव्हे, हे सांगणारे फारसे कोणी नव्हते. न्यायाधीश अनेकदा ज्या बाजूने निकाल देण्याचा त्यांचा कल असतो, तिच्याच वकिलाला सर्वांत अवघड प्रश्न विचारतात, कारण त्या बाजूच्या युक्तिवादात भोक राहू नये अशी त्यांची इच्छा असते. बातमीत मात्र प्रत्येक अवघड प्रश्नाचे ‘न्यायालयाने फटकारले’ होते आणि शेजारी बसलेले वकीलही त्याला मान डोलावतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या निवडणूक आयोगाविषयीच्या कठोर तोंडी शेऱ्यांवरून वाद झाला, तेव्हा ६ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे शेरे अधिकृत अभिलेखाचा भाग नसतात हे स्पष्ट केले, आणि त्यांचे वार्तांकन थांबवायलाही नकार दिला. थोडक्यात, ते छापा, दाखवा, पण त्यांना आदेश समजू नका. हा खुलासा करायला अर्धे मिनिट लागते आणि तो करायला वकीलच हवा.

इथपर्यंतचे दोष उतावळेपणाचे आहेत आणि ते सुधारता येतात. मला जास्त खटकते ती गोष्ट वेगळी आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांतील ३६ वा नियम वकिलाला जाहिरात करण्यास मनाई करतो, आणि ज्या प्रकरणात तो नेमला गेला आहे किंवा ज्याच्याशी त्याचा संबंध आहे, त्याविषयी वर्तमानपत्रांत टिप्पणी देणे वा घडवून आणणे, छायाचित्र छापून आणणे, यांचाही समावेश त्या मनाईत आहे. २००८ मध्ये या नियमात सुधारणा होऊन वकिलांना मोजक्या तपशिलाचे संकेतस्थळ ठेवण्याची मुभा मिळाली, पण हा भाग तसाच राहिला. न्यायालयाच्या फाटकाबाहेर, एकमेकांवर रेटलेल्या डझनभर बूमसमोर उभे राहून स्वतःच्याच खटल्यावर बाइट देण्याची आजची रीत आणि हा नियम यांचा मेळ कसा घालायचा, हे मला खरोखर कळलेले नाही.

स्वतःच्या प्रकरणातला वकील माध्यमांशी बोलू लागला की काय होऊ शकते, याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण सर्वज्ञात आहे. कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याची गोष्ट देशभर पसरली, निवडणुकीच्या भाषणांत वापरली गेली, आणि मार्च २०१५ मध्ये त्या खटल्यातील विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जयपूरच्या एका परिषदेत स्वतःच सांगितले की ती खरी नव्हती. कसाबविषयी भावनिक वातावरण तयार होऊ लागले होते, ते मोडण्यासाठी आपण ती रचली होती. निकम यांनी त्या खटल्यात घेतलेली मेहनत मोठी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रायफल घेऊन चालणाऱ्या कसाबचे छायाचित्र आणि ते टिपणाऱ्या छायाचित्रकाराची साक्ष यांसारखा पुरावा असलेल्या खटल्याला बिर्याणीची गरज नव्हती, म्हणून तर ती जास्त बोचते. न्यायालयात केलेल्या प्रत्येक विधानासाठी त्यांना कागद किंवा साक्षीदार दाखवावा लागत होता. बाहेर, पत्रकारांसमोर, कोणी उलटतपासणी घेणार नव्हते.

निकम निदान त्या खटल्याचे वकील आहेत, हे सर्वांना माहीत होते. त्याहून अवघड प्रकार म्हणजे ज्याच्या नावाखाली ‘कायदेतज्ज्ञ’ किंवा ‘घटनातज्ज्ञ’ अशी पट्टी असते आणि जो प्रत्यक्षात त्या वादातल्या कोणाचा तरी वकील, सल्लागार, पक्षाच्या विधी आघाडीचा पदाधिकारी किंवा उमेदवारीचा इच्छुक असतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम १६ नुसार वकिलांचे दोनच वर्ग आहेत, ज्येष्ठ अधिवक्ता आणि इतर अधिवक्ता. तज्ज्ञ ही पदवी वाहिनीचा डेस्क देतो आणि त्यासाठी कोणाची परीक्षा द्यावी लागत नाही. एक बाजू घेणे हा आमचा व्यवसायच आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; न्यायालयात मात्र आम्ही उभे राहण्यापूर्वी वकीलपत्र दाखल करतो, त्यामुळे आमचे म्हणणे किती तोलून घ्यायचे, हे न्यायाधीशाला माहीत असते. प्रेक्षकाला ती सोय नाही. तो तज्ज्ञाचे मत म्हणून जे ऐकतो आहे, तो कदाचित कोणाच्या तरी लेखी कैफियतीतला सातवा परिच्छेद असतो. वाहिन्यांनी नावाच्या पट्टीवर एक ओळ वाढवावी आणि या प्रकरणात कोणाच्या वतीने वकीलपत्र आहे किंवा नाही, ते लिहावे, एवढीच माझी मागणी आहे. वकिलांनीही, पट्टीवर ते नसेल तर, पहिल्या वाक्यात स्वतः सांगावे.

काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, हा सगळा त्रास टाळायचा तर वकिलांनी न्यायप्रविष्ट विषयांवर बोलूच नये. मला हे पटत नाही. १९७१ चा न्यायालयाचा अवमान अधिनियम प्रामाणिक आणि अचूक वार्तांकनाला संरक्षण देतो, अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणांवर रास्त टीका करण्याची मोकळीक देतो; आणि ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ ही ढाल बहुधा उत्तर नको असलेले मंत्रीच पुढे करतात. शिवाय वकील गप्प बसले तर त्यांची खुर्ची रिकामी राहत नाही, तिथे दोन प्रवक्ते आणखी येतात.

या बोलण्याचे मानधन, माझ्या अनुभवात तरी, बहुतेक वेळा नसते. मिळते ती ओळख, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नव्या वकिलाला ओळख म्हणजेच काम. आमच्या न्यायालयातील एका तरुण वकिलाला स्थानिक वाहिनीकडून मागच्या महिन्यात फोन आला, तेव्हा तो माझ्याकडे विचारायला आला होता. विषय नगरपालिकेच्या एका ठरावाचा होता, आणि त्या ठरावाला आव्हान देणाऱ्या ठेकेदाराचे एक जुने वसुलीचे प्रकरण त्याच्याकडे चालू होते. ते प्रकरण निराळे आहे, मग ते सांगायची काय गरज, असे त्याचे म्हणणे. आमचा वाद बाररूममध्ये दुपारच्या सुट्टीभर चालला. शेवटी तो गेला, सुरुवातीलाच त्याने ते सांगितले, आणि वाहिनीने संकलन करताना नेमके तेवढेच वाक्य कापले.