मांडवातला कॉम्प्युटर

कॉम्प्युटरबद्दलची माझी मतं जुनाट आहेत, असं घरचे म्हणतात. असतील. पण ती मासिकं वाचून झालेली नाहीत. आमच्या मंडळाच्या मांडवात, भाद्रपदातले दहा दिवस धूळ, गुलाल, ओल आणि वेडंवाकडं नाचणारं व्होल्टेज यांच्या संगतीत झाली आहेत. ज्या यंत्राला तिथं दहा दिवस तग धरता येतो ते चांगलं. बाकीच्यांच्या जाहिराती कितीही चकचकीत असोत.

आमचं मंडळ पुण्याच्या पेठेतलं, छोटं. मानाच्या गणपतींशी आमचा संबंध मिरवणुकीत त्यांच्यामागे ताटकळण्यापुरता. नातूबाग मंडळाची रोषणाई बघायला तर आम्ही आमचाच मांडव एखाद्या बिचाऱ्यावर सोपवून पळायचो. छोट्या मंडळाला दोनच गोष्टी परवडतात, हलता देखावा आणि भांडणं. दोन्हींत आम्ही कधी कसर ठेवली नाही.

कॉम्प्युटर यायच्या आधी दिव्यांच्या माळा पळवायचं काम एका लाकडी रुळाकडे होतं. रुळावर पितळी पट्ट्या ठोकलेल्या, त्यांना टेकणाऱ्या तांब्याच्या पत्त्या, आणि रूळ फिरवायला छोटी मोटर. पट्टी पत्तीखाली आली की माळ पेटायची, सरकली की विझायची. रात्री मांडवाच्या मागे गेलात तर बारीक निळ्या ठिणग्या दिसायच्या. वायरमनकाका रोज दुपारी मेन बंद करून पट्ट्या पॉलिश पेपरने घासायचे आणि तेवढा वेळ कुणालाही जवळ फिरकू द्यायचे नाहीत. प्रोग्रॅम म्हणजे काय, हे मला कॉलेजच्या आधी त्या रुळाने शिकवलं. पट्ट्या जिथं ठोकल्या तिथं दिवे लागणार. वेगळं हवं असेल तर खिळे उपटा आणि पुन्हा ठोका.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका कार्यकर्त्याच्या ऑफिसातून मोडीत निघालेला ३८६ प्रोसेसरचा पीसी आमच्याकडे आला. २ एमबी रॅम, ४० एमबीची हार्ड डिस्क, एमएस-डॉस ५ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्याबरोबर येणारं क्यूबेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा. बाहेर तेव्हा विंडोज ९५ ची हवा होती, त्यामुळे हे धूड बघून पोरं नाकं मुरडायची. मला मात्र त्याच्या पाठीमागचं एक भोक दिसत होतं, प्रिंटरचं. पॅरलल पोर्ट. पंचवीस पिनांचं ते कनेक्टर म्हणजे माझ्या मते पीसीवर आजवर झालेली सगळ्यात सज्जन गोष्ट. २ ते ९ नंबरच्या पिना म्हणजे डेटाच्या आठ तारा. पोर्टचा पत्ता ८८८. क्यूबेसिकमध्ये ‘आउट ८८८, १’ लिहिलं की पहिल्या तारेवर पाच व्होल्ट, ‘आउट ८८८, ०’ लिहिलं की गेले. ड्रायव्हर नाही, इन्स्टॉलेशन नाही, कुणाची परवानगी नाही. आकडा लिहा, वीज येते.

ती वीज अर्थात नावापुरती. पोर्टमधून निघणाऱ्या दोन-तीन मिलिअँपिअरमध्ये मांडव उजळत नाही. मग तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वाऱ्या सुरू झाल्या. यूएलएन २८०३ ही आठ तारांचा भार पेलणारी चिप, तिच्यापुढे एमओसी ३०२१ ऑप्टोकपलर, म्हणजे २३० व्होल्ट आणि कॉम्प्युटर यांची गाठ फक्त उजेडातून पडावी, आणि शेवटी माळ चालू-बंद करायला बीटी १३६ ट्रायक. दुकानदार काउंटरवर ट्रायक मोजताना विचारायचे, ‘कुठलं मंडळ?’ आणि उत्तर ऐकून एक-दोन जास्तीचे टाकायचे. ‘जळणारच आहेत, असू द्या.’ जळायचेही.

रुळाची जागा आठ तारांनी घेतली, तेव्हा वायरमनकाका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘डाव्या माळेची पाळी जरा लांबव, बाप्पाच्या मुकुटावर उजेड थांबत नाहीये.’ मी एक आकडा बदलला. खिळा उपटावा लागला नाही, हे त्यांनी पाहिलं. त्यानंतर त्यांच्याइतका कडक टेस्टर मला पुढे नोकरीतही मिळाला नाही.

दुपारी मांडवात आरती-सत्यनारायणाव्यतिरिक्त शुकशुकाट असतो. त्या वेळात आम्ही एका फळीवर आठ रंगीत झिरोचे बल्ब लावून पोरांना जमवायचो. उजवीकडून पहिला दिवा एकचा, दुसरा दोनचा, तिसरा चारचा, असे दुप्पट होत आठवा १२८ चा. ‘सांग, १९ ला कुठले पेटतील?’ सोळा, दोन आणि एक. तिसरी-चौथीतली पोरं बोटं नाचवत उत्तर द्यायची आणि मी आकडा दाबला की फळी त्यांचं खरंखोटं करायची. ‘सगळे लागले तर किती?’ या प्रश्नावर पहिल्या वर्षी वाड्यातल्या एका मुलीनं ‘२५५’ सांगितलं आणि लगेच विचारलं, ‘२५६ कसे लावायचे?’ तिला नववा दिवा हवा होता. मास्तर म्हणून तेवढा आनंद मला कुठल्याच वर्गात झाला नसता. बक्षीस काय, तर आरतीनंतरच्या खिरापतीची एक जादा मूठ.

हाऊजीची गोष्ट वेगळी. कॉलेजातल्या एका पोरानं आकडे काढायचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आकडा, खाली पीसी-स्पीकरची पिपाणी. लोक खूश. दुसऱ्या रात्री पुढच्या खुर्चीतल्या एक आजी म्हणाल्या, ‘काल पण सुरुवात याच आकड्यांनी झाली होती रे.’ त्यांनी कालचं तिकीट मागच्या बाजूला आकडे लिहून जपून ठेवलं होतं. क्यूबेसिकला ‘रँडमाइझ टायमर’ सांगितलं नाही तर ते प्रत्येक वेळी तीच ओळ त्याच क्रमानं ओकतं. दुरुस्ती एका ओळीची होती, पण खजिनदारकाकांनी लाकडी सोंगट्यांची कापडी पिशवी परत आणली ती आणलीच. त्यांचं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पिशवीत हात घालणारं लहान मूल सगळ्यांना दिसतं. कॉम्प्युटरच्या पोटातला हात कुणालाच दिसत नाही.

आमच्या देखाव्यांचा राजा म्हणजे गजेंद्रमोक्ष. हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि वरून उतरणारा विष्णू, तिन्ही जुन्या बाजारातून आणलेल्या गाड्यांच्या वायपर मोटरींवर. वायपरची मोटर म्हणजे बारा व्होल्टची, हळू फिरणारी आणि दमदार. सोंड वर-खाली करायला याहून चांगलं यंत्र मला माहीत नाही. खरी पंचाईत निवेदनाची होती. ते कॅसेटवर. टेपरेकॉर्डर प्रत्येकाचा वेग किंचित वेगळा, त्यात व्होल्टेज पडलं की आवाज घोगरा. कॉम्प्युटर आपल्या घड्याळाप्रमाणे वेळेवर विष्णू उतरवायचा आणि टेपमधला गजेंद्र अजून धावा सुरूच करत असायचा. पब्लिक हसायचं. यावर उपाय निघाला तो आजही मला देखणा वाटतो. स्टिरिओ कॅसेटच्या डाव्या बाजूला निवेदन आणि उजव्या बाजूला नुसत्या शिट्या. उजवी बाजू स्पीकरला द्यायचीच नाही, एलएम ५६७ या सूर ओळखणाऱ्या चिपला द्यायची. शिटी आली की चिप पोर्टच्या आत येणाऱ्या तारेला टिचकी मारणार आणि प्रोग्रॅम पुढच्या पायरीवर जाणार. टेप हळू चालो की जोरात, देव वेळेवर यायला लागला.

पुढे साउंड कार्ड आलं, आवाजही कॉम्प्युटरमधूनच वाजू लागला आणि शिट्या बंद झाल्या. सोय झाली, मजा थोडी गेली.

आता हार्डवेअरबद्दल एक मत, जे मी वर्षानुवर्षं वर्गणीच्या फेरीत घरोघर सांगत आलो आहे. लोक प्रोसेसरला पैसे घालतात आणि पॉवर सप्लाय मात्र कॅबिनेटबरोबर फुकटात आलेला वापरतात. उलटं करा. प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, एसएमपीएस, म्हणजे तोच पॉवर सप्लाय, चांगला घ्या, कीबोर्ड स्वतः दाबून घ्या. बाकी काहीही चालतं. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटत होते, ते आठवा. आमच्या वर्गणीच्या पिशवीत तेव्हा पावतीपुस्तकाशेजारी माझी सोल्डरिंग गन असायची. बेल वाजवली की, ‘या, या, वर्गणी देतो, पण आधी हा का बंद पडतो ते बघा.’ झाकण काढायचं, डोकं वर काढून बसलेले दोन-तीन कपॅसिटर दाखवायचे, आणि तेच मायक्रोफॅरड पण जरा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारे नवे लावायचे. रॅमचे सोनेरी पाय शाळकरी खोडरबरनं पुसून उठवलेल्या मशिनी तर किती झाल्या देव जाणे. काकू चहा टाकायच्या, काका वर्गणीत वर पन्नास घालायचे. मंडळाला माझा उपयोग नक्की कशासाठी होता, हे खजिनदारकाकांना पक्कं ठाऊक होतं.

आता क्यूआर कोड आहे. मांडवाच्या खांबाला चिकटवला की वर्गणी आपोआप येते, हिशेब चोख राहतो, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. खजिनदार खूश आहेत आणि तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. तरी मी चार-दोन पोरांना घेऊन फेरी मारतोच. गेल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक दारात एकच प्रश्न होता, विंडोज १० चं काय करायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला आणि ११ म्हणतं टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप दाखवा. घरात बघावं तर मशीन धडधाकट, चार कोअर, आठ जीबी. बँकेचं काम, नातवाचे फोटो आणि पंचांगाची पीडीएफ यांसाठी ती भंगारात घालायची? मी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवतो, लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकतो, मोठ्या अक्षरांचं मराठी चालू करून देतो आणि कीबोर्डवर इन्स्क्रिप्ट ही मराठी टायपिंगची मांडणी शिकवतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. पहिला आठवडा लोक मला शिव्या घालतात.

अहवालाचा विषय निघाला की मी जरा चिडतो, ते आधीच सांगून ठेवतो. दरवर्षी जमाखर्च, बक्षीसपात्र मुलांची नावं, जाहिराती, अध्यक्षांचं मनोगत (तेच, फक्त साल बदललेलं) असा छोटासा अहवाल निघायचा. डीटीपी आल्यावर तो देखणा झाला. पेजमेकरमध्ये मांडायचा, कोरलमध्ये मुखपृष्ठ, ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट आणि मग ऑफसेट. त्या फाइली मी इमानानं सीडीवर उतरवून ठेवल्या. आज उघडल्या तर मनोगताच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. कारण त्या काळच्या मराठी फॉन्टांनी प्रत्येकी आपापल्या मनानं अक्षरांना आकडे दिले होते. फॉन्ट गेला की भाषा गेली. युनिकोडनं हा घोळ मिटवला, पण जुन्याचं काय? कपाटातले छापील अहवाल मात्र कुणालाही वाचता येतात, त्यातले १९७० च्या दशकातले छापखान्याच्या शिशाच्या खिळ्यांवर जुळवलेलेसुद्धा. म्हणून पीडीएफ सगळ्यांना व्हॉट्सॲपवर जाऊ दे, पण थोड्या प्रती कागदावर छापा, असा ठराव मी दर वार्षिक सभेत मांडतो. छपाईच्या खर्चावर बोट ठेवून तो दर वेळी बारगळतो. मग मी माझ्या पैशानं छापतो आणि पुढच्या सभेत तेच लोक माझ्याकडे प्रत मागतात.

३८६ बराच काळ टिकला. विंडोज एक्सपीसारख्या नव्या सिस्टिम्स प्रोग्रॅमला थेट पोर्टाला हात लावू देत नाहीत, आणि पुढे तर मदरबोर्डवरून ते भोकच गेलं. सगळ्यांची मशिनी बदलली तरी मांडवामागचा डॉस तसाच होता. उत्सवानंतर झाकण उघडलं की आत गुलाबी थर. फ्लॉपी ड्राइव्ह गुलालानं कधीच बाद झाला होता.

मग पोरांनी अर्दुइनो आणला, प्रोग्रॅम टाकून दिवे-मोटरी चालवता येणारा छोटासा बोर्ड. मी नाक मुरडायच्या तयारीत होतो, पण त्याच्या ऊनो मॉडेलचे आकडे वाचले आणि गार झालो. १६ मेगाहर्ट्झ, २ केबी रॅम. आमच्या भंगारातल्या ३८६ च्या रॅमचा जवळपास हजारावा हिस्सा! सुरू व्हायला क्षणभर, बंद करताना विचारायचं नाही, वीज गेली-आली तरी कामाला हजर. शिवाय पिनेला एक म्हटलं की पाच व्होल्ट, शून्य म्हटलं की गेले. माझा ८८८ नंबर परत आला होता, तोही तळहातावर मावेल एवढा. नवं म्हणजे मोठं आणि भारी, हा हिशेब निदान इथं तरी उलटा लागला. ट्रायकची जागा आता एलईडीच्या पट्ट्यांनी घेतली आहे, एकाच डेटा-तारेवर शेकडो दिवे, प्रत्येकाचा रंग वेगळा सांगता येतो. २५६ च्या दिव्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा मुलगा यंदा त्यांचा प्रोग्रॅम लिहितोय.

त्याला सगळं मोबाइलवरून चालवायचं आहे, वायफायनं. मी त्याला म्हटलं, अनंत चतुर्दशीला रस्त्यावर इतकी गर्दी असते की शेजारच्याला फोन लागत नाही, तुझे दिवे कुणाचं ऐकणार? तो म्हणाला, ‘काका, वायफायला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही.’ मुद्दा बरोबर होता, आणि मी तो मान्यही केला. पण मांडवातले शंभर फोन त्याच हवेत बोलत असतात, हे त्याला मान्य करावं लागलं. शेवटी असं ठरलंय की रंग, चाली, गाणं सगळं मोबाइलवरून. फक्त मेन स्विच तारेचा, मागच्या खांबाला, लाल रंगाचा, लहान पोरांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर. वायरमनकाकांनी, काठी टेकत येऊन, खांबावर खडूनं खूण केलीसुद्धा. ती फार वर आहे असं पोरांचं म्हणणं आहे. बैठक रविवारी आहे.