राजधानीला रस्ता नाही

"जुनोला गाडीने नाही जाता येत गं मावशी, रस्ताच नाहीये." अँकरेजला राहणारी भाची फोनवर सहज बोलून गेली आणि दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

जुनो ही अलास्काची राजधानी. बेट नव्हे, मुख्य भूमीवरचंच शहर. पण पाठीशी उभे डोंगर, त्यांच्यामागे पसरलेलं प्रचंड बर्फाचं पठार, समोर समुद्र. शहरात रस्ते आहेत की, चांगले डांबरी! उत्तरेकडचा तर बराच लांब जातो, आणि मग नुसता संपतो. पुढे जायचं तर विमान, नाहीतर फेरीबोट.

राज्य आकाराने भारताच्या निम्म्याहून मोठं. माणसं 2020 च्या जनगणनेत जेमतेम 7.33 लाख. 1974 साली मतदारांनी राजधानी हलवायचा कौल दिला, 1976 ला विलो ही जागाही निवडली. 1982 मध्ये खर्चाचा आकडा मतदानाला आला, तेव्हा मात्र नकार दिला. राजधानी कुठे असावी हे थेट लोकांनाच विचारलं, हे मला मनापासून आवडलं.

तरी एक सलतंच. आमदाराला समोरासमोर गाठायचं तर तिकीट काढायला हवं. हातावर पोट असलेल्या माणसाने काय करायचं?