चार हजार काय? केस की ग्राफ्ट?

सोलापुरात हेअर ट्रान्सप्लांट करून घ्यायला मला जेवढा वेळ लागला, त्यातला निम्मा क्लिनिकच्या एकाच टेबलापाशी गेला. काउन्सेलर मॅडम दर खेपेला म्हणायच्या, "सर, चार हजार बसतील." चार हजार काय? केस की ग्राफ्ट? "ते डॉक्टर बघतील."

अहो, बिल ग्राफ्टवर लागतं! ग्राफ्ट म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढलेला केसांचा पुंजका. त्यात एक ते चार केस, सरासरी दोनच्या आसपास. म्हणजे चार हजार केस लावायचे तर दोनच हजार ग्राफ्ट. आणि खरोखरच चार हजार ग्राफ्ट एका बैठकीत उपसले, तर मागचं डोकं विरळ पडायची भीती. तिथून काढलेलं मूळ पुन्हा उगवत नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५२ मध्ये टकलावर केस लावले, तेव्हा ग्राफ्ट म्हणजे कातडीचा चार मिलिमीटरचा गोल तुकडा असे. केस झुपक्यांनी उगवत, डोकं बाहुलीसारखं दिसे. १९८८ पासून अमेरिकेचेच डॉ. बॉबी लिमर मायक्रोस्कोपखाली एकेक नैसर्गिक पुंजका सुटा करू लागले. आताच्या एफयूईत, म्हणजे एकेक पुंजका थेट डोक्यातून काढायच्या पद्धतीत, पंच (भोक पाडायचं नळीसारखं हत्यार) जेमतेम ०.८ ते १ मिलिमीटरचा. ग्राफ्ट एवढा बारीक झाला, पण टेबलावरचा घोळ काही जात नाही.

शेवटी मीच टकलावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून पेनाने कड आखली आणि ते आलेखाच्या कागदावर मोजलं. ५० चौरस सेंटिमीटर, दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट, झाले २०००. हा हिशेब पुढे सरकवला, तेव्हा कुठे आकडा कागदावर आला. भोकं कोण पाडणार, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच सांगितलंय, हे काम प्रशिक्षित डॉक्टरचं, टेक्निशियनचं नाही. पंचचा कोन चुकला तर मूळ मधोमध कापलं जातं.

शस्त्रक्रिया निमूट पार पडली. ग्राफ्ट थंड सलाइनमध्येच हवेत, सुकले की मेले. एककेसी ग्राफ्ट कपाळाच्या कडेला लागले की नाही, तेवढं विचारा.

दोन-चार आठवड्यांत लावलेले केस गळतात. घाबरू नका, मूळ आत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब दिसतात, पुरता निकाल वर्षाने. मे महिना टाळा, आपल्याकडचं ऊन आणि घाम नव्या मुळांना सोसणार नाही. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा डोकं धुण्यापुरतं भरून ठेवा. धुवायचं ते मगने, हळू. आणि हो, त्या दिवशी बटणाचा शर्ट घाला. टी-शर्ट डोक्यावरून काढताना ग्राफ्ट उपटतात.