डिप्लोमावर चार्टर्ड इंजिनिअर : महाप्यातली एक सराव-मुलाखत

महापे एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याचे मेंटेनन्स प्रमुख माझ्यासमोर सराव-मुलाखतीला बसले होते. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. अर्ज ब्रिटनच्या इंजिनिअरिंग कौन्सिलच्या ‘चार्टर्ड इंजिनिअर’ नोंदणीसाठी. (आपल्याकडे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, इंडिया देते ते चार्टर्ड इंजिनिअर प्रमाणपत्र वेगळं, गल्लत नको.) कौन्सिल स्वतः अर्ज घेत नाही, परवानाधारक व्यावसायिक संस्थेमार्फत जावं लागतं. मान्यताप्राप्त पदव्या पुरेशा असतील तर ज्ञानाचा भाग कागदांवरच निकाली निघतो. त्या नसतील तर वैयक्तिक मूल्यमापन होतं आणि पदव्युत्तर पातळीची समज स्वतःच्या कामातून दाखवावी लागते.

त्यांच्या अहवालात प्रकल्पांची लांबलचक यादी होती आणि जवळपास प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’. कूलिंग वॉटर पंपाबद्दल एकच ओळ : ‘इम्पेलर वारंवार खराब होत होता, सक्शन लाइन बदलून प्रश्न सोडवला.’ (इम्पेलर म्हणजे पंपातलं फिरतं चाक, सक्शन लाइन म्हणजे पंपाकडे पाणी ओढणारा पाइप.)

मी म्हटलं, "सर, बाकी यादी बाजूला ठेवा. हा पंप उलगडून सांगा."

मग खरा माल बाहेर आला. प्रवाह ताशी 250 घनमीटर, सक्शन पाइप 150 मिमी, म्हणजे वेग सेकंदाला 3.9 मीटर. सक्शनसाठी हा फारच जास्त. पाणी 40 अंशांवर. वातावरणाचा दाब पाण्याच्या उंचीत 10.4 मीटर, त्यातून बाष्पदाब 0.76, सक्शन लिफ्ट (पाणी वर ओढायची उंची) 2.5 आणि फूट व्हॉल्व्ह-बेंडसकट पाइपमधली घट 3.5 वजा केली की उपलब्ध एनपीएसएच, म्हणजे पंपाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊ न देणारा शिल्लक दाब, उरतो 3.6 मीटर. पंपाच्या कर्व्हवर गरज 4.5 ची. कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन ते फुटणं, त्याने धातू झिजतो) होणारच होतं. नवा इम्पेलर बसवून काही महिन्यांत पुन्हा खड्डे पडत, ते धातूच्या दोषामुळे नव्हे.

200 मिमी पाइपमध्ये वेग 2.2 वर आला, घट साधारण 1 मीटरवर, आणि एनपीएसएच 6.1 झाला.

"250 मिमी का नाही?"

"1.6 मीटरचं मार्जिन पुरेसं होतं. पाइप रॅकवर जागा नव्हती, खर्चही वाढला असता."

"व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह, लावून पंपाचा वेग का नाही कमी केला?"

"एनपीएसएचची गरज घटली असती, पण कंडेन्सरला प्रवाह पुरला नसता."

पंपाच्या तोंडाशी एक्सेन्ट्रिक रिड्यूसर (पाइपचा व्यास कमी करणारा, एका बाजूने सपाट जोड) सपाट बाजू वर ठेवून बसवला, नाहीतर वर हवा अडकते, हेही त्यांनीच सांगितलं. इतकं सगळं डोक्यात असताना अहवालात एक ओळ! परीक्षक डोक्यात डोकावू शकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या पट्ट्यातले कितीतरी अनुभवी लोक इथेच मागे पडतात.

अहवाल नव्याने लिहिताना आकडेमोड, नाकारलेले पर्याय आणि त्यांची कारणं आत घेतली. जिथे निर्णय त्यांचा तिथे ‘मी’, फॅब्रिकेशन ठेकेदाराचं तिथे तसं स्पष्ट. हस्ताक्षरातलं गणित, सहीचं ड्रॉइंग आणि बदलापूर्वी-नंतरची व्हायब्रेशन रीडिंग्ज जोडली. मालकाची गोपनीय प्रक्रिया-माहिती झाकली आणि कंपनीची लेखी परवानगी घेतली.

निकष पाच आहेत : ज्ञान, डिझाइन व समस्या सोडवणं, जबाबदारी व नेतृत्व, संवाद, व्यावसायिक बांधिलकी. पंपाने पहिले दोन भक्कम झाले. तिसऱ्यासाठी शटडाउनचं बजेट आणि वर्क परमिटची (प्लांटवर काम सुरू करण्याआधीच्या लेखी परवानगीची) त्यांची जबाबदारी अहवालात घेतली. पाचव्यात मात्र प्रशिक्षणांची नुसती प्रमाणपत्रं होती; प्रत्येकासमोर ‘यानंतर प्लांटवर काय बदललं’ हा रकाना भरायला त्यांनी आठवडाभर मागून घेतला.